दोन बोटींतली आपली कोणती?

मिशिगन राज्यात लहानमोठे मिळून अकरा हजारांहून जास्त तलाव आहेत. उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांपैकी चार या राज्याच्या किनाऱ्याला लागतात. डेट्रॉइटच्या आसपास मोटारींच्या कारखान्यांत आणि डिझाइन ऑफिसांत काम करणारी मराठी कुटुंबं इथे येऊन दहा-बारा वर्षं झाली, मुलं पोहायला शिकली, की कधीतरी जेवणाच्या टेबलावर बोटीचा विषय निघतोच. नवी बोट बऱ्याचदा कोऱ्या मोटारीपेक्षाही महाग पडते. म्हणून बहुतेकांची नजर वापरलेल्या बोटीकडे वळते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये माझ्या मामेभावाच्या घरी नेमकं हेच चाललं होतं. त्यानं आणि वहिनीनं आठवडाभर शोधून दोन बोटी बाजूला काढल्या होत्या. दोन्ही फायबरग्लासच्या आणि पुढच्या टोकालाही बसायची सोय असलेल्या. अशा बोटीला इथे बोरायडर म्हणतात. पहिली २००५ ची, १९ फुटी, सहा सिलिंडरचं इंजिन बोटीच्या पोटात. इंजिनचे चाललेले तास २४०. मागणी साडेअकरा हजार डॉलर. दुसरी २००७ ची, १८ फुटी, मागे बाहेर टांगलेलं ११५ अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन. तास ६१०. मागणी बारा हजार. पहिलीचा रंग आरशासारखा होता. दुसरीचा रंग उन्हानं खडूसारखा पांढुरका झालेला आणि एका सीटची शिवण उसवलेली.

वहिनी म्हणाली, "दादा, पहिली निम्म्याहून कमी चाललीय, दिसायलाही नवी आहे, शिवाय स्वस्त. मग विचार कसला करायचा?"

प्रश्न अगदी रास्त होता. मोटार घेताना आपण असाच हिशेब करतो. बोटीला मात्र तो लागू पडत नाही. का, तेच या प्रकरणात सांगायचं आहे.

आधी पाणी, मग बोट

बोट बघायला जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: कुठल्या पाण्यात जाणार, कोण कोण बसणार आणि बोट वर्षभर कुठे राहणार.

भावाच्या घरापासून कॅस लेक जवळ. ओकलंड काउंटीतला हा सर्वांत मोठा तलाव, सुमारे १,२८० एकरांचा. डॉज ४ स्टेट पार्कच्या उतारावरून बोट पाण्यात सोडता येते. वर्षातून दोन-तीनदा लेक सेंट क्लेअरलाही जायचा त्यांचा विचार होता. तिथलं पाणी वेगळं. तलाव प्रचंड, पण सरासरी खोली जेमतेम ११ फूट. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात आणि लहान बोट आपटत जाते.

इथे बोटीच्या तळाचा आकार महत्त्वाचा ठरतो. तळ जितका खोल 'व्ही' आकाराचा, तितकी बोट लाट कापत जाते. तळ सपाट असेल तर ती लाटेवर आदळते. रे हंट या आरेखकानं सुमारे २४ अंश उताराचा खोल तळ घडवला आणि त्या तळाच्या बोटीनं १९६० मध्ये खवळलेल्या समुद्रात मायामी ते नासाऊ ही शर्यत जिंकली. तेव्हापासून मोटरबोटींचे तळ बदलले. भावाच्या दोन बोटींत पहिलीचा तळ २० अंशांचा होता, दुसरीचा १७ अंशांचा. लेक सेंट क्लेअरवर पहिली निश्चितच सुखाची झाली असती. हा गुण आम्ही तिच्या खात्यात मांडला.

बसणारे म्हणजे ते दोघं, सात आणि दहा वर्षांची मुलं, आणि उन्हाळ्यात नाशिकहून येणारे मामा-मामी. मामींच्या गुडघ्याला त्रास आहे. त्यामुळे धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना धरायला कठडा आहे का आणि पाण्यातून वर यायच्या शिडीला किती पायऱ्या आहेत, हेही पाहायचं होतं. बोट राहणार होती घराशेजारी, ट्रेलरवर. म्हणजे दर वेळी गाडीनं ओढून न्यायची.

इंजिन पोटात की पाठीवर

बाहेर टांगायचं इंजिन म्हणजे आउटबोर्ड. कोकणात फायबरच्या होड्यांच्या मागे हेच इंजिन दिसतं. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडनं १९०९ मध्ये मिल्वॉकीत त्याचा कारखाना काढला आणि आउटबोर्ड घरोघरी पोहोचलं. दुसरा प्रकार स्टर्नड्राइव्ह. यात मोटारीसारखं इंजिन बोटीच्या मागच्या भागात आत बसतं. मागच्या भिंतीला, म्हणजे ट्रान्समला भोक पाडून त्यातून फिरणारा दांडा बाहेर येतो आणि खालच्या पायाला जोडलेला पंखा फिरवतो. व्होल्वो पेंटानं १९५९ मध्ये ही रचना बाजारात आणली.

स्टर्नड्राइव्हचे फायदे खरे आहेत. मागे सलग मोठा ओटा मिळतो, मुलं त्यावरून पाण्यात उड्या मारतात, इंजिन दिसत नाही, आवाजही दबलेला असतो. ज्याच्या घरामागे स्वतःचा धक्का आहे, बोट पाण्याबाहेर उचलून ठेवायची सोय आहे आणि भरवशाचा मेकॅनिक आहे, त्यानं ही बोट आनंदानं घ्यावी.

बाकीच्यांनी मात्र चार गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट थंडीची. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. यांतली बरीच इंजिनं तलावाचंच पाणी आत ओढून थंड होतात. शरद ऋतूत ते पाणी ब्लॉकमधून पूर्ण काढलं नाही, तर जानेवारीत बिडाचा ब्लॉक तडकतो. एका वर्षाचा विसर इंजिनाच्या जिवावर बेततो. आउटबोर्ड सरळ उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप गळून जातं.

दुसरी गोष्ट पेट्रोलच्या वाफेची. ही वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते. म्हणून आतल्या इंजिनाच्या बोटीत चावी फिरवण्याआधी पंखा लावून चार मिनिटं हवा बाहेर काढायची असते. ही चार मिनिटं घाईत कधीही गाळायची नाहीत. बाहेरच्या इंजिनाचा संसार उघड्यावर असतो, त्यामुळे हा धोका बराच कमी. तरी इंधनाच्या टाकीजवळ वास येतो का, ते दोन्ही प्रकारांत पाहायचंच.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. अमेरिकेच्या नियमांनुसार २० फुटांखालच्या आउटबोर्ड बोटीत इतका फोम असावा लागतो की ती पाण्यानं भरली तरी आडवी, सपाट तरंगत राहील आणि माणसं तिला धरून राहू शकतील. त्याच लांबीच्या, आत इंजिन असलेल्या बोटीला एवढी सक्ती नाही. तिचा काही भाग पाण्यावर राहिला तरी नियम पाळला जातो. सात वर्षांचं मूल घेऊन जाणाऱ्यानं ही तफावत लक्षात ठेवावी.

चौथी गोष्ट मागच्या ओट्याची. स्टर्नड्राइव्हचा पंखा ओट्याच्या खाली दडलेला असतो. दोन्ही प्रकारांच्या इंजिनांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून नियम एकच: मूल मागच्या बाजूला पाण्यात असेल किंवा ओट्यावर बसलं असेल, तर इंजिन पूर्ण बंद.

तासांचा खरा अर्थ

आता वहिनीच्या प्रश्नाकडे येऊ. पहिली बोट १९ वर्षांत २४० तास चालली, म्हणजे वर्षाला साधारण १३ तास. दुसरी १७ वर्षांत ६१०, म्हणजे वर्षाला ३६. मिशिगनमध्ये बोटीचा हंगाम मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा. वर्षाला १३ तास याचा अर्थ ती बोट तीन-चार रविवार बाहेर पडली आणि उरलेलं वर्ष झाकून पडली.

पडून राहिलेलं इंजिन झिजत नाही, पण खराब होतं. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. महिनोन्महिने टाकीत राहिलं की पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. इम्पेलर, म्हणजे थंड पाणी खेचणारं रबरी पात्यांचं चाक, एकाच जागी दबून राहिलं की त्याची पाती वाकडी होतात. रबरी नळ्या चिरतात. बंद पडलेल्या विहिरीचं आणि बंद पडलेल्या इंजिनाचं दुखणं सारखंच: उपसा नसला की बिघाड.

पेट्रोलवरचं बोटीचं इंजिन नीट सांभाळलं तर हजार तासांच्या पुढे चालतं. त्या हिशेबानं ६१० तास म्हणजे म्हातारपण नव्हे. प्रश्न एवढाच, की ते तास कुणी आणि कसे सांभाळले?

दुसऱ्या बोटीच्या मालकानं कपाटातून एक वही आणून समोर ठेवली. निवृत्त गृहस्थ होते. दर शरद ऋतूतली तेलबदलाची तारीख, इंजिनाचे तास, गिअरच्या तेलाचा रंग, इम्पेलर कोणत्या वर्षी बदलला, सगळं एकाच अक्षरात. २०१६ च्या पानावर लिहिलं होतं की पंखा दगडाला लागला आणि तो बदलून घेतला. हे आम्ही विचारलंही नव्हतं. स्वतःच्या बोटीचं दुखणं जो लिहून ठेवतो, त्याच्या बाकीच्या नोंदींवर विश्वास ठेवता येतो.

पहिल्या बोटीच्या मालकाकडे दोन पावत्या होत्या, दोन्ही पॉलिशच्या.

माठाला मारतो तशी टिचकी

उन्हाळ्यात बाजारातून माठ घेताना आपण पेरानं टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर पक्का, भद्द वाजला तर चिरलेला. जुनी फायबरग्लासची बोट तपासायची सर्वांत जुनी पद्धत हीच.

त्या काळच्या बऱ्याच बोटींच्या ट्रान्सममध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. तळाच्या आतल्या लांब आधारांतही अनेकदा लाकूड असतं. एखाद्या स्क्रूच्या भोकाचं सील गेलं की पाणी आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजू लागतं. वरचा चकचकीत थर तसाच राहतो. स्टर्नड्राइव्हच्या ट्रान्समला तर मोठं भोकच पाडलेलं असतं आणि इंजिनाचा जोर तिथेच येतो.

मी प्लास्टिकच्या हातोडीनं पहिल्या बोटीचा ट्रान्सम वरच्या कोपऱ्यापासून ठोकत खाली आलो. टक, टक, टक. ड्राइव्हच्या डावीकडे वीतभर अंतरावर आवाज बदलला. टक्‌चा थप्प झाला. चार बोटं बाजूला पुन्हा टक. खडूनं खूण करत गेलो तर ताटलीएवढा भाग थप्प वाजणारा निघाला. भावानं स्वतः ठोकून पाहिलं आणि तो गप्प झाला. दुसऱ्या बोटीचा ट्रान्सम इकडून तिकडे एकाच सुरात वाजला.

हातोडी संशय दाखवते, निदान करत नाही. त्यासाठी सर्व्हेअर असतात, त्यांच्याकडे ओल मोजायचं यंत्र असतं. त्यांची फी बहुधा बोटीच्या फुटांवर ठरते. बोटीच्या किमतीच्या मानानं ती किरकोळ आहे, ती वाचवू नये. आमच्या सर्व्हेअरनं खडूच्या त्याच वर्तुळात ओल दाखवली. फायबरच्या कारखान्यात दुरुस्तीचा अंदाज विचारला, तो मागितलेल्या किमतीच्या निम्म्याच्या घरात गेला.

भाते, तेल आणि गरम इंजिन

स्टर्नड्राइव्हचा दांडा जिथे बाहेर येतो, तिथे हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्यांची रबरी नळी असते. पाण्याला आत येऊ न देणारी तीच. ती फाटली तर आधी बेअरिंग गंजतं आणि पाण्यात बांधून ठेवलेली बोट भरून बुडूही शकते. तपासायला सोपी आहे: ड्राइव्ह पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवायचा, म्हणजे घड्या ताणल्या जातात, आणि विजेरीनं आत पाहायचं. पहिल्या बोटीच्या घड्यांच्या खाचांत केसासारख्या चिरा होत्या. भाते कधी बदलले, याची नोंद नव्हती.

दुसऱ्या बोटीच्या इंजिनाचा तळाचा स्क्रू सैल करून गिअरचं तेल थोडं कागदी कपात काढलं. तेल गडद पण स्वच्छ निघालं. तेच चहात दूध घातल्यासारखं दिसलं असतं, तर सील गळतंय आणि पाणी आत जातंय हे उघड होतं. मग मेकॅनिककडून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घेतलं. इथे आकडा किती मोठा यापेक्षा चारही आकडे जवळजवळ आहेत का, हे पाहायचं. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत दहा टक्क्यांच्या आत फरक होता.

आणखी एक सवय लावून घ्यावी. पोहोचल्या पोहोचल्या, बोलणं सुरू होण्याआधी, इंजिनाला हात लावून पाहा. आम्ही पहिली बोट बघायला गेलो तेव्हा इंजिन कोमट होतं. "तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलं," असं मालक म्हणाले. हेतू चांगलाही असेल. पण थंड इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होतं का, किती धूर सोडतं, हे त्या दिवशी कळू शकलं नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवशी परत जावं.

पाण्यावर, आणि पाण्यापर्यंत

मे महिन्याच्या मध्यावर दोन्ही बोटी पाण्यात उतरवून पाहिल्या. प्रत्येक इंजिनाला पूर्ण वेगात किती फेरे घ्यायचे याची मर्यादा कंपनी ठरवून देते. पहिल्या बोटीच्या पुस्तिकेत मिनिटाला ४,४०० ते ४,८०० होती. ती ४,१०० वर अडली. पंखा चुकीचा, इंजिन थकलेलं किंवा फोम पाणी पिऊन जड झालेला, यांपैकी काहीतरी नक्की होतं. दुसरीची मर्यादा ५,००० ते ६,००० होती. तिनं ५,६०० गाठले.

मग ओढणाऱ्या गाडीचा हिशेब. भावाकडे मिनीव्हॅन, ओढायची क्षमता ३,५०० पौंड. लोक माहितीपत्रकातलं बोटीचं वजन बघतात आणि थांबतात. पहिली बोट इंजिनासह २,७०० पौंड, ट्रेलर ७५०, ३० गॅलन पेट्रोल सुमारे १८०, नांगर-दोर-जॅकेटं १५०. बेरीज ३,७८०. क्षमतेच्या वर. दुसरी इंजिनासह २,१००, ट्रेलर ६५०, इंधन १५०, सामान १५०. बेरीज ३,०५०. पहिली घ्यायची तर गाडीही बदलावी लागणार होती. बोट ओढताना अपघात होतो तो थांबताना आणि उतारावर. ही बेरीज घरीच करावी.

शेवटी कागद. १ नोव्हेंबर १९७२ नंतर अमेरिकेत बनलेल्या प्रत्येक बोटीच्या मागे उजव्या हाताला बारा अक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. १९८४ नंतरच्या बोटींत शेवटची चार बांधणीचा महिना-वर्ष आणि मॉडेलचं वर्ष सांगतात. शेवट 'एच४०५' असेल तर बोट ऑगस्ट २००४ मध्ये बांधलेली, मॉडेल २००५. हा क्रमांक नोंदणीच्या कागदाशी अक्षर न्‌ अक्षर जुळला पाहिजे. मिशिगनमध्ये २० फूट किंवा त्याहून लांब बोटीला, तसंच कोणत्याही लांबीच्या कायम बसवलेल्या इंजिनाच्या बोटीला, मालकीचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे पहिलीला ते होतं, १८ फुटी आउटबोर्डला नव्हतं. अशा वेळी इंजिनाचा क्रमांकही विक्रीपत्रात लिहून घ्यावा. किती माणसं आणि किती वजन चालेल ते सांगणारी, चालकाच्या जागेजवळची पट्टीही वाचावी. दोन्ही आकडे पाळायचे असतात, आणि वारा असेल तर त्याहून कमीच माणसं घ्यायची.

निवाडा

दुसरी बोट निर्दोष नव्हती. ट्रेलरच्या टायरवरच्या शिक्क्यात ते २००९ सालातले निघाले, कडांना चिरा होत्या. इंधनाची नळी कडक झाली होती. इम्पेलर बदलून वहीप्रमाणे चार वर्षं झाली होती. हे सगळं मोजता येण्यासारखं आणि एका आठवड्यात करून घेता येण्यासारखं होतं. त्या यादीवरच किंमत अकरा हजारांवर आली. पहिलीचे दोष झाकलेले होते आणि दुरुस्ती सुरू झाल्यावर ते किती पसरलेले निघतील, हे सर्व्हेअरही सांगू शकत नव्हता. लेक सेंट क्लेअरवर थोडे धक्के जास्त बसतील, हे मान्य करून भावानं आणि वहिनीनं दुसरी घेतली. पैसे देण्याआधी सहा लाइफ जॅकेटं घेतली, मुलांची त्यांच्या वजनाप्रमाणे बघून, आणि बुडणाऱ्याकडे फेकायचं एक तरंगणारं साधन. १६ फूट आणि त्यावरच्या बोटीला ते लागतंच.

तुम्ही दोन बोटींपुढे उभे असाल तर चकाकीकडे पाठ फिरवा. इंजिन थंड असताना जा, ट्रान्समला टिचकी मारा, तेलाचा रंग पाहा, वजनाची बेरीज करा आणि सर्व्हेअरला बोलवा. एवढं करूनही मन अडलं, तर जिची वही भरलेली आहे ती बोट घ्या. आणि घरी आणलीत की पहिल्याच दिवशी त्या वहीत पुढचं पान स्वतःच्या हातानं लिहा.